जुन्या ट्रॅक्टरचं नवं बांधलेलं इंजिन जड का फिरतं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ऐकलंय पण आकडे परत एकदा नीट बघायचेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय. फक्त मधले मधले "अं" आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय.

एरवी आपण इथे अॅप, सर्व्हर, बॅटरी असल्या गोष्टींवर बोलतो. आजचा विषय ग्रीस आणि डिझेलचा आहे. पण ज्यांनी कधी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांनीही थांबा. कारण प्रश्न असा आहे की एखादी गोष्ट "नवीन आहे म्हणून जड" आहे की "चुकलंय म्हणून जड" आहे, हे ओळखायचं कसं? आणि ओळखण्याआधीच जोर लावला तर काय होतं?

[०१:१०] ट्रॅक्टर कोणता, भानगड काय

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. घरी आजोबांच्या वेळचा एक ट्रॅक्टर आहे, इंटरनॅशनल बी-२७५. हे मॉडेल मूळचं इंग्लंडचं. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी ते डॉनकास्टरच्या कारखान्यात बनवायची, १९५८ पासून. पुढे महिंद्राने त्या कंपनीबरोबर भागीदारी केली आणि हा ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला बनायला लागला. आज रस्त्यावर महिंद्राच्या ट्रॅक्टरवर २७५ आकडा दिसतो ना, तो तिथूनच आलेला. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, साधारण २.३ लिटरचं, ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या मानाने फार नाही. पण आमच्याकडे पेरणी, कोळपणी आणि पाण्याचा टँकर अजून याच्यावरच चालतो.

गेली दोन वर्षं तो निळा धूर सोडत होता आणि ऑइल पीत होता. म्हणून यंदा दिवाळीच्या आधी आप्पांनी इंजिन पूर्ण खोलायचं ठरवलं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. क्रँक ग्राइंडिंगला दिला. बेअरिंगं नवी. सगळं मिळून खर्च साठ हजारांच्या घरात गेला. ऊस तुटायच्या आधी एवढी रक्कम बाहेर काढणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको.

बांधायला आमचे नेहमीचे मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढे. हा ट्रॅक्टर त्यांनी याआधीही खोललाय, तेव्हा मी शाळेत होतो. मी पुण्याहून दहा दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो, म्हणून त्यांचा हेल्पर झालो. डिझेलच्या ट्रेमध्ये पार्ट धुवायचे, पुसायचे, मागतील तो पाना द्यायचा.

दोन दिवसांत इंजिन बांधून झालं. अजून ट्रॅक्टरवर चढवलेलं नव्हतं, शेडमध्ये स्टँडवरच होतं. मिस्त्रींनी पुढच्या पुलीच्या नटाला सॉकेट लावलं, त्यात पाइप घातला आणि फिरवायला गेले. हललंच नाही. मग मी आणि आप्पा दोघे लोंबकळलो तेव्हा हळूहळू, कण्हत कण्हत फिरलं.

आप्पा म्हणाले, "मिस्त्री, एवढं जड?"

मिस्त्री म्हणाले, "नवीन रिंगा हायत न्हवं. चढवू आन् टोचन लावू. दोन फेऱ्या मारल्या की मोकळं हुतंय."

आप्पा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्रींना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही रे. हे काम त्यांना द्यायलाच नको होतं. कोल्हापूरहून दुसरा माणूस बोलवू या का?"

म्हणजे आता पणाला दोन गोष्टी लागल्या होत्या. एक, साठ हजारांचं इंजिन. दुसरी, गावात पन्नास वर्षं इंजिनं बांधलेल्या माणसाचं नाव.

[०४:३०] इंजिन फिरताना नक्की काय काय अडवतं?

चला, आता थोडं समजून घेऊ. बंद इंजिन तुम्ही हाताने फिरवता तेव्हा जो जोर लागतो, तो एका गोष्टीचा नसतो. ती बेरीज असते.

पहिला हिस्सा रिंगांचा. पिस्टनवर स्प्रिंगसारख्या ताणाच्या रिंगा असतात, त्या लायनरच्या भिंतीवर दाबून बसतात. नवा लायनर आतून मुद्दाम थोडा खरखरीत ठेवलेला असतो, बारीक तिरक्या रेघांचा. त्यामुळे सुरुवातीला घर्षण जास्त. पहिल्या काही तासांत रिंग आणि लायनर एकमेकांना घासून जुळतात. याला आपल्याकडे "रिंगा बसल्या" म्हणतात. तेव्हा मिस्त्रींचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नवं इंजिन जुन्यापेक्षा जड फिरतंच.

दुसरा हिस्सा बेअरिंगचा. क्रँक जिथे ब्लॉकमध्ये बसतो ती मेन बेअरिंगं, आणि कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला पकडतात ती बिग एंडची बेअरिंगं. यात बॉल नसतात. दोन अर्धगोल पातळ पत्रे असतात, त्यांना शेल म्हणतात. शेल आणि क्रँकच्या मध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. दोन इंच जाडीच्या पिनला साधारण दोन थाउ. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. म्हणजे फट झाली ०.०५ मिलिमीटर. इंजिन चालू असताना या फटीत ऑइलचा थर तयार होतो आणि क्रँक त्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. लागायलाच नको.

बाकीचे हिस्से म्हणजे कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, टायमिंग गिअर, डिझेल पंप, पाण्याचा पंप आणि ऑइल सील.

आता आजच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. रिंग बसते, बेअरिंग बसत नाही. रिंग आणि लायनर घासून जुळावेत अशीच त्यांची रचना आहे. बेअरिंगची रचना बरोबर उलटी आहे, त्याने घासायचंच नाही. बेअरिंग घट्ट असेल आणि तुम्ही जबरदस्तीने फिरवलंत, तर ते "मोकळं" होत नाही. त्याचा मऊ थर पुसला जातो, तापतो, क्रँकला चिकटतो. मग शेल आपल्या जागेवरून फिरतो, ऑइलचं भोक बंद होतं, आणि वेगात असताना रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

टोचनाचा धोका इथेच आहे. स्टार्टर मोटर निदान थकते, वायर गरम होतात, "मला झेपत नाही" असं सांगते. पण दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून, गिअर टाकून क्लच सोडला, की चाकांचा सगळा जोर गिअरमधून क्रँकवर येतो. इंजिनला नाही म्हणायची सोयच राहत नाही.

म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, "मला एक दिवस द्या. चढवायच्या आधी जरा मोजून बघतो."

ते हसले. "मोज बाबा. तू कंप्युटरवाला."

[०८:००] "जड" म्हणजे किती? आधी आकडा काढा

ऑफिसमध्ये कुणी म्हणालं "अॅप स्लो आहे", की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? किती स्लो? कधी? प्रत्येक वेळी, की मधेच? इथेही तेच.

माझ्याकडे विमानाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा होता. पाइपवर नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण केली, तिथे काट्याचा हुक अडकवला आणि पाइपला काटकोनात ओढायला लागलो. एक मीटरवर एक किलोचा जोर म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर टॉर्क. झाला आपला टॉर्क मीटर.

यात दोन आकडे घ्यायचे. एक, थांबलेलं इंजिन हलायला लागतं त्या क्षणाचा. दुसरा, हळू पण एकसारखं फिरत असतानाचा. पहिला नेहमीच जास्त असतो, त्याने घाबरायचं नाही. कामाचा आकडा दुसरा.

मग पुलीवर खडूने घड्याळासारख्या बारा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेला रीडिंग लिहिलं. बारा खुणा का? तर जडपणा कुठे आणि किती वेळाने येतो, त्यावरून चोर ओळखता येतो.

फेरीत एकदाच, ठरावीक जागी अडत असेल, तर संशय क्रँकबरोबर फिरणाऱ्या गोष्टींवर. क्रँक वाकलेला असेल, फ्लायव्हीलचा बोल्ट कुठे घासत असेल, एखादा पिस्टन वर जाऊन टेकत असेल.

दोन फेऱ्यांत एकदा अडत असेल, तर संशय कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह किंवा डिझेल पंपावर. कारण फोर-स्ट्रोक इंजिनात कॅम आणि पंप क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतात.

प्रत्येक फेरीत दोनदा, फुगा दाबल्यासारखं मऊ मऊ अडत असेल, तर ते कॉम्प्रेशन. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला कुठल्यातरी एका सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. हा दोष नाही.

आणि सगळीकडे सारखंच जड असेल, तर रिंगा किंवा बेअरिंगं.

आमचं रीडिंग काय आलं? फेरीत दोनदा फुगवटा, तो कॉम्प्रेशनचा. पण त्याच्या मधल्या भागातही काटा १२ किलोच्या खाली येईना. सगळीकडे जड.

[११:२०] एकेक हिस्सा बाजूला काढा

कोडमध्ये बग सापडत नसेल तर आपण काय करतो? अर्धे बदल बाजूला काढून बघतो, बग अजून आहे का. मग उरलेल्यातले अर्धे. गिट वापरणाऱ्यांना बायसेक्ट माहीत असेल, तीच युक्ती. फक्त इथे सुरुवात जे सोपं सुटतं त्याच्यापासून करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्यांदा चारही नोझल काढले. आता हवा दाबलीच जात नाही, भोकातून निघून जाते. फुगवटे गायब झाले. पण बाकीचं रीडिंग ११.५.

मग रॉकरचे स्क्रू सैल केले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचं काम थांबलं. ११.

मग पाण्याच्या पंपाचा पट्टा काढला, डिझेल पंप गिअरपासून सोडवला. १०.५. (इथे एक सूचना: डिझेल पंप काढायच्या आधी टायमिंगच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. मोबाईलचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.)

म्हणजे वरचं सगळं काढूनही साडेदहा किलो. उरलं काय? रिंगा, मेन बेअरिंग, बिग एंड आणि मागचं सील.

आता मिस्त्री जवळ येऊन बसले होते. म्हणाले, "रिंगांचं एवढं नसतंय." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात काळजी होती.

पहिला संशय गेला लेथवर. क्रँक झिजला की तो ग्राइंड करून थोडा बारीक करतात, दहा थाउ, वीस थाउ, असं टप्प्याटप्प्याने. आणि जेवढा बारीक केला तेवढा जाड शेल घ्यायचा. शेलच्या मागे तो आकडा लिहिलेला असतो. क्रँक दहाने कापलाय आणि शेल वीसचा आला, तर इंजिन जाम होणारच. आप्पा तर लगेच फोन उचलायला निघाले, लेथवाल्याला शिव्या द्यायला. मी म्हटलं, "आप्पा, थांबा. आधी उघडून बघू."

[१४:००] चेंबर उघडल्यावर

ऑइल काढलं, इंजिन स्टँडवर आडवं केलं, खालचं चेंबर उघडलं. आता क्रँक आणि चारही कनेक्टिंग रॉड समोर.

पहिली तपासणी फुकटची आहे आणि तिला हत्यार लागत नाही. कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग हातात धरायचा आणि क्रँकच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे पुढेमागे, हलवायचा. बेअरिंग बरोबर असेल तर रॉड किंचित सरकतो आणि "टिक टिक" वाजतो. अगदी थोडा, पण सरकतो. कारण बाजूला थोडी जागा असते आणि गोलाईत ऑइलची फट असते.

एक नंबर हलवला. टिक टिक.

चार नंबर. टिक टिक.

दोन नंबर हलेना. तीन नंबरही हलेना. लाकडी ठोकळ्याने हळूच ठोकून बघितलं, तरी ढिम्म.

लक्षात घ्या, चारांतले दोन मोकळे आणि दोन जाम. रिंगा चारही पिस्टनला सारख्याच, एकाच डब्यातल्या. क्रँक चुकीचा कापला असता तर बहुतेक चारही जाम असते. म्हणजे जे काही आहे, ते फक्त दोन आणि तीनमध्ये.

खात्री करायला काटा परत लावला. दोन नंबरच्या कॅपचे नट थोडे सैल केले, रीडिंग ६.८. तीनचे सैल केले, ३.१. साडेदहावरून तीनवर. चोर सापडला होता. आता एवढंच बघायचं होतं की चोर कोण.

मिस्त्रींनी दोन्ही कॅप काढल्या. शेलच्या मागचा आकडा बघितला, बरोबर होता. मायक्रोमीटरने क्रँकच्या पिना मोजल्या, चारही सारख्या. लेथवाला सुटला. शेलवर मात्र जिथे दोन अर्धे भाग जुळतात त्या कडेजवळ चकचकीत घासल्याच्या रेघा. फक्त एका बाजूला जास्त.

मिस्त्रींनी कॅप हातात घेतली, उजेडात धरली, डोळे बारीक केले. मग मला म्हणाले, "ठिपकं बघ रं किती हायत."

[१६:३०] ठिपके

इथे थोडं थांबून समजावतो, कारण हाच या भागाचा गाभा आहे.

कनेक्टिंग रॉडचं खालचं भोक दोन तुकड्यांचं असतं. अर्धं रॉडमध्ये, अर्धं कॅपमध्ये. कारखान्यात आधी कॅप रॉडला बोल्टने कसतात आणि मग दोन्ही मिळून एकत्र भोक पाडतात, फिनिश करतात. त्यामुळे ते भोक पूर्ण गोल असतं फक्त त्या रॉडला त्याचीच कॅप लावली तर, आणि तीही त्याच बाजूने. दुसऱ्या रॉडची कॅप बसते, बोल्ट जातात, डोळ्यांना काही फरक दिसत नाही. पण आतला गोल एखाददोन थाउने सरकलेला असतो. आणि आपली ऑइलची फटच मुळी दोन थाउची. झालं, फट संपली. एका कडेला धातूला धातू लागला.

म्हणून प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर जोडीचा नंबर असतो. जुन्या इंजिनात तो पुसट झालेला असतो, म्हणून मिस्त्री लोक खोलताना पंचने ठिपके मारतात. एक, दोन, तीन, चार. हे ठिपके आमच्याच मिस्त्रींनी पूर्वी मारलेले होते.

मी कॅप बघितली. ही दोन नंबरच्या रॉडवरून निघालेली. दोन ठिपके होते. म्हटलं, बरोबर आहे की. तीनवरची बघितली. तिच्यावरही दोनच ठिपके.

मिस्त्रींनी काही न बोलता तारेचा ब्रश हातात दिला. पहिली कॅप घासली. जुना काळा गंज निघाला आणि दोन ठिपक्यांच्या शेजारी तिसरा वर आला.

दोनवर तीनची कॅप, तीनवर दोनची.

आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं. कॅप मी धुतल्या होत्या. चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्र वरखाली होतात, दोन आणि तीनचे एकत्र. म्हणून बसवताना एक-चारची जोडी सकाळी झाली आणि दोन-तीनची दुपारी. त्या दोन कॅप एकाच ट्रेमध्ये होत्या. मला दोन्हीवर दोनच ठिपके दिसले होते. तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण दोन नंबरचे दोन रॉड असूच शकत नाहीत. पण मी मनाशी म्हटलं, सारख्याच तर आहेत. आणि एक इकडे, एक तिकडे दिली.

मिस्त्रींनी तेव्हा विचारलंही होतं, "नंबर बघितलास का?"

मी म्हणालो होतो, "हो."

त्यांच्या डोळ्यांना ठिपके दिसत नव्हते म्हणूनच तर ते मला विचारत होते. आप्पा ज्यावरून त्यांना म्हातारे ठरवत होते, त्याची काळजी त्यांनी स्वतःच घेतली होती. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून.

[१९:४०] मग काय झालं

आप्पा शेडच्या दारात उभे होते. मी सांगितलं, "आप्पा, चूक मिस्त्रींची नाही. कॅप मी उलटसुलट दिल्या. त्यांनी विचारलं होतं, मी न बघता हो म्हणालो."

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग मिस्त्रींना म्हणाले, "चहा घेणार ना?" आमच्याकडे माफी अशीच मागतात.

मिस्त्री मला एवढंच म्हणाले, "माझंबी चुकलं. कॅप कसली की एकदा क्रँक फिरवून बघायचा, ही माझी रीत. त्या दिवशी घाई केली. फिरवला असता तर तवाच घावलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आन् टोचन लावायचं म्हणलो, ते तर लईच चुकलं असतं."

ही त्यांची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्रँक बसवला, फिरवून बघा. एक कॅप कसली, फिरवून बघा. दुसरी कसली, फिरवून बघा. जिथे अचानक जड होईल, तिथेच चूक. आपण कोड लिहून प्रत्येक टप्प्यावर टेस्ट चालवतो, अगदी तसंच. सगळं बांधून झाल्यावर शेवटी एकदाच तपासलं, तर शोधायला दिवस जातो. आमचा गेला.

घासलेले दोन जोडी शेल बदलले. क्रँकच्या पिनांवर नखाला लागेल असा एकही ओरखडा नव्हता, कारण इंजिन स्वतःच्या जोरावर एकदाही फिरलेलं नव्हतं. कॅप आपापल्या रॉडवर गेल्या. टॉर्क पान्याने कसल्या, प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवला. यावेळी फट मोजायला प्लास्टिगेज वापरलं. हा मेणासारखा बारीक धागा असतो. शेल आणि पिनच्या मध्ये ठेवून कॅप कसायची, परत काढायची आणि धागा किती चपटा झाला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. हे करताना क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर धागा पुसला जातो.

शेवटचं रीडिंग, नोझल काढलेले असताना, ३.५ किलो. सगळ्या बारा खुणांना जवळपास सारखं. एक माणूस एका हाताने आरामात फिरवतोय.

[२२:००] तुमच्याकडे असं झालं तर

थोडक्यात यादी देतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नवं बांधलेलं इंजिन जड फिरत असेल तर आणखी काय काय असू शकतं:

• शेलच्या मागे कचरा. कापसाचा एक धागा किंवा धातूचा कण राहिला तरी फट संपते. शेलची पाठ आणि त्याची जागा कोरडी, स्वच्छ हवी. ऑइल फक्त आतल्या बाजूला.

• मेन बेअरिंगच्या कॅपची अदलाबदल किंवा उलटी बसलेली कॅप. नियम तोच, ज्याची त्याला.

• क्रँकला पुढेमागे सरकायला जागा नाही. स्क्रूड्रायव्हरने हळूच ढकलून बघा. "टक" असा किंचित सरकायला हवा. सरकत नसेल तर थ्रस्टच्या चकत्या जाड आहेत किंवा चुकीच्या बसल्यात.

• रिंगेच्या तोंडाला फट नाही. ही फट रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी लायनरमध्ये ठेवून फीलर गेजने मोजायची. ढोबळ हिशेब म्हणजे बोअरच्या प्रत्येक इंचाला चार थाउ. साडेतीन इंचाच्या आतबाहेरच्या बोअरला साधारण ०.३५ मिलिमीटर. ही चूक फसवी आहे. थंड असताना इंजिन ठीक फिरतं, गरम झालं की रिंग फुगून तोंडं एकमेकांना टेकतात आणि लायनर ओरबाडला जातो.

• कोरडं बांधलेलं इंजिन. बांधताना लायनर, रिंगा, बेअरिंगला ऑइल लावलेलंच नाही. किंवा बांधून महिनोन्‌महिने तसंच पडलंय आणि ऑइल खाली उतरून गेलंय.

या आकड्यांत तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय ते अंतिम. मी दिलेत ते अंदाज येण्यासाठी. माझे काट्यावरचे किलो आमच्या इंजिनाचे आहेत, ते तुमच्या इंजिनावर चिकटवू नका. आणि फिरवताना बोटं पुली, पट्टा आणि क्रँकपासून लांब. दोघे जण काम करत असाल तर ओरडून सांगितल्याशिवाय फिरवायचं नाही.

[२४:१०] शेवटी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी इंजिन चढवलं. आधी डिझेलचा पुरवठा बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवलं, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. म्हणजे बेअरिंगमध्ये ऑइल पोचलं याची खात्री. मग डिझेल सोडलं. दुसऱ्या स्टार्टरला पकडलं. टोचन लागलं नाही.

पहिल्या दिवशी आप्पांनी रिकामी ट्रॉली लावून माळापर्यंत नेला आणली. रिंगा बसायला इंजिनावर मध्यम लोड लागतो, नुसतं उभं ठेवून तासन्‌तास घरघर करत ठेवलं तर त्या नीट बसत नाहीत. पहिलं ऑइल मिस्त्रींच्या सांगण्यावरून लवकर बदललं. निळा धूर गेलाय. हरभऱ्याची पेरणी वेळेत झाली.

पुण्याला निघताना मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांना एक चांगला एलईडी हेडलॅम्प आणि भिंग नेऊन दिलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, हसले, आणि म्हणाले, "आता तुला विचारायची गरज न्हाई."

तर मंडळी, तुमच्याही घरी जुना ट्रॅक्टर, जुनी बुलेट, विहिरीवरचं जुनं इंजिन असेल आणि त्याने तुम्हाला कधी असं कोड्यात टाकलं असेल, तर एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवेन. आणि कुणी "नंबर बघितलास का?" असं विचारलं, तर हो म्हणायच्या आधी खरंच बघा. भेटू पुढच्या आठवड्यात.